भिंतीवरच्या एजोबाची किंमत

शलमोन राजाच्या ज्ञानाची थोरवी सांगताना पवित्र शास्त्राने एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवली आहे (1 राजे 4:33). राजा लबानोनच्या गंधसरूविषयी जसा बोलत असे, तसाच भिंतीच्या फटीत उगवणाऱ्या एजोबाविषयीही बोलत असे. हे एजोब म्हणजे एक प्रकारचे शेवाळ असावे, असे काही जुन्या अभ्यासकांचे मत होते. ते कसेही असो; ज्याने मंदिरासाठी गंधसरू तोडून आणवले, त्या राजाला भिंतीवरचे बिनकामाचे रोपटेही दिसत होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी शब्बाथशाळेच्या मुलांना घेऊन आम्ही एका जुन्या विहिरीवर गेलो आणि पायऱ्यांजवळचा ओला हिरवा थर खुरप्याने खरवडून दोन घमेली भरून आणला. देखावा सर्वांना फार आवडला. नव्या वर्षी तो वाळका थर उकिरड्यावर गेला. पुढचे दोन पावसाळे ते दगड उघडेच राहिले. तेव्हा वर्गातील एका मुलीने विचारले, "ते परत का नाही आले?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे कळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या थरात शेवाळासोबत 'यकृतका' नावाच्या चपट्या, दगडाला बिलगून वाढणाऱ्या वनस्पती होत्या. आकार यकृतासारखा, म्हणून हे नाव. त्यांना फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. केसासारख्या बारीक तंतूंनी त्या दगड धरून ठेवतात आणि सर्वांगाने पाणी पितात. नर पेशीला मादीपर्यंत पोहोचण्यासाठी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जावे लागते. ओल गेली की वंश खुंटला! आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या बाजूला उन्हाळा कडक. म्हणून येथे रिक्सिया, प्लॅजिओकाझ्मा यांसारखे काटक प्रकारच टिकतात. उत्तरेस छिंदवाड्याच्या पलीकडे पचमढीच्या दऱ्यांत मात्र काही कडे बारमाही झिरपत असतात, म्हणून तेथे नाजूक प्रकारही आढळतात. 1999 मध्ये त्या प्रदेशाला जीवावरण राखीव क्षेत्र ठरविण्यात आले आणि 2009 मध्ये युनेस्कोनेही ते मान्य केले.

याहूनही नाजूक जीवन पीटच्या दलदलीतल्या यकृतकांचे. ज्या दलदलीत मेलेले शेवाळ पाण्याखाली पुरते न कुजता थरावर थर साचते, त्या थराला पीट म्हणतात. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एका मीटरला हजार वर्षे! पृथ्वीच्या भूभागापैकी फक्त तीन टक्के भाग पीटचा आहे, तरी जगातील सर्व जंगलांहून अधिक कार्बन त्यात साठलेला आहे. ब्रिटनमध्ये अशा दलदलींच्या कडेला पॅलॅव्हिसिनिया लायेली नावाची यकृतका राहते. मधली शीर सोडली तर तिचे पाते एकाच पेशीच्या जाडीचे असते. शेतीसाठी चर खणून पाणी काढून दिले, जळणासाठी व रोपवाटिकांसाठी पीट कापून नेले, आणि ती दुर्मिळ झाली. आता तेथे अनेक ठिकाणी त्याच चरांत बांध घालून पाणी पुन्हा अडवीत आहेत. ओल राखली तरच रोपटे राहील, हे उशिरा का होईना, उमगले.

कोणी म्हणेल, "वैशाखात आमच्या बायाबापड्या पाण्यासाठी वणवण करतात, संत्र्याच्या बागा वाळतात, तेथे शेवाळाची काळजी कसली करता?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे एक उत्तर असे, की जेथे दगडाची ओल टिकते तेथे झराही टिकतो. दोघांचे पाणी एकच आहे. परंतु तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. उपयोग आहे म्हणूनच किंमत, असे मानले तर उपयोग संपताच किंमतही संपते. हे माप आज शेवाळाला लावले, तर उद्या खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या आईलाही ते लागते. म्हणून हे मापच ख्रिस्ती माणसाने टाकून दिले पाहिजे.

देव ईयोबाला काय विचारतो ते पाहा (38:25-27). जेथे मनुष्यवस्ती नाही, अशा रानावर पाऊस पाडून तेथे हिरवळ कोण उगवतो? त्या हिरवळीचा माणसाला काडीचाही उपयोग नाही, तरी देव तिला पाणी देतो. प्रभू येशूने चिमण्यांचा दाखला दिला (लूक 12:6-7), तेव्हा माणसाचे मोल अनेक चिमण्यांहून अधिक आहे असे स्पष्ट सांगितले. म्हणून तहानलेल्या लेकराचा घोट पहिला, याविषयी वाद नाही. पण माणसाचे मोल अधिक म्हणून चिमणी कवडीमोल ठरत नाही. देवाला तिचा विसर पडलेला नाही. एदेन बाग आदामाला मशागतीसाठी दिली, तशीच राखणीसाठीही दिली (उत्पत्ती 2:15). आम्ही मालक नव्हे, कारभारी आहोत. आमची घमेली कोणाच्या तहानेसाठी भरली नव्हती. आठ दिवसांच्या शोभेसाठी भरली होती. चूक होती ती तेथे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. नाताळच्या गोठ्याला तणस, कडबा, हिरवे रंगविलेले गोणपाट पुरेसे आहे. प्रभूच्या गव्हाणीतही वैरणच असावी. श्रावणात मुलांना एखाद्या ओल्या भिंतीजवळ न्या. हाती खुरपे नको, भिंग द्या.

त्या मुलीला आता आमचे उत्तर असे आहे: बाळ, ते फार हळू वाढते, आणि आम्ही फार घाईने खरवडले. यंदा त्या विहिरीच्या एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा ठिपका दिसला. त्याला आम्ही हात लावला नाही.