आला तसा ढकलला

आपल्या साखरखेर्ड्यात मुलं पळवणारा समजून लोकांनी अडवलेल्या त्या चादरवाल्याबद्दल पुन्हा लिहीत नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे, बहुतेकांनी एसटीत स्पीकर चालू ठेवून पाहिला आहे. गाठोडं उपसलं, आत चादरीच निघाल्या. माणूस धडधाकट परत गेला, हे आपलं नशीब. मला संताप आला तो अफवा पुढे पाठवणाऱ्याच्या नंतरच्या खुलाशाचा.

‘म्या काही लेह्यलं नाही भाऊ. आला तसा ढकलला पुढं.’

म्हणजे हा माणूस नव्हे, पन्हाळ आहे. पत्र्यावर पडलं ते अंगणात सोडलं. पण पन्हाळ निदान सगळंच सोडते. याचं तसं नाही. वीजबिल आलं की चष्मा लावून युनिट मोजतो. सोयाबीनचा काटा झाला की पट्टी तीनदा वाचतो, मॉइश्चर किती धरलं यावरून अडत्याशी तासभर भांडतो. पाचशेची नोट उजेडात धरून बघतो. पोरीला स्थळ आलं तर देऊळगाव राजापासून मेहकरपर्यंत चौकशी करतो. ‘मुलं पळवणारी टोळी आली’ हे मात्र आलं तसं! वर ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड’ लिहिलं की हात धुतले. उद्या दूधवाला म्हणाला, ‘पाणी मी घातलं नाही, गोठ्यातूनच आलं तसं दिलं,’ तर हा त्याचे पैसे देईल का?

‘काळजीपोटी पाठवलं’ म्हणणारेही होते. असू दे.

‘आला तसा’ ही पळवाट मात्र जुनी आहे. अथेन्समध्ये झेनो नावाचा सायप्रसचा माणूस खांबांच्या ओसरीत शिकवत असे. ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात, म्हणून त्याचे शिष्य ते स्टोइक. झेनो उघडा तळहात दाखवायचा: हे नुसतं दिसणं. बोटं किंचित मिटायचा: ही संमती. मूठ वळली की पक्कं आकलन, आणि ती मूठ दुसऱ्या हाताने घट्ट धरली की ज्ञान. दिसणं आपल्या ताब्यात नाही, बोटं मिटणं आहे. सारी मेख तिथेच.

त्यांच्यातला स्फेरस एकदा टॉलेमी राजाच्या पंगतीला बसला होता. राजाने मेणाची डाळिंबं ठेवली, पंडित फसला. राजा ओरडला, खोट्याला मान्यता दिलीस! स्फेरसने उत्तर दिलं की, ही डाळिंबं आहेत असं मी मानलं नव्हतं. ती डाळिंबं असणं संभवतं, एवढंच मानलं होतं. उत्तर हुशारीचं आहे. पण बुवा, फसायचा तो फसलासच ना? स्टोइकांचं स्वतःचंच म्हणणं होतं की संमतीवाचून कृती होत नाही. मग अंगठा दाबला ती संमतीच. लिहिणारा कोण होता, याची चौकशी नंतर.

राईनपाडा विसरलात? धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना अशाच अफवेवरून जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अंगठ्याचा दोष कंपनीला समजला. आपण अजून पन्हाळ.

आणि हे साखरखेर्ड्यात व्हावं! १७२४ च्या ऑक्टोबरात इथेच निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं, मारलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. रान तेच, दिवस तोच. निजामाची फत्ते, मुबारिझखानाच्या घरी सुतक. झालं ते एक आणि त्याला नाव देणारा दुसरा, हा स्टोइकांचा आवडता धडा. गावाने ते नाव काही आलं तसं पुढे ढकललं नाही. तीनशे वर्षांनंतरही आपण साखरखेर्डाच म्हणतो. त्या लोकांकडे मोबाईल नव्हता, हे मान्य.

मी मोठा शहाणा, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात लोकांचे केस दोन-तीन दिवसांत गळू लागले. दिसलं ते खरंच होतं. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव आपण वर चिकटवलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्याआधी शेगावकडून आलेल्या माझ्या पाहुण्यांनी सकाळी कंगवा मागितला, तेव्हा मी तो सापडत नसल्याचं सांगितलं. माझ्या खिशातच होता. स्टोइकही वादळात जहाजावर पांढरे पडत म्हणे, पहिल्या धक्क्याला त्यांच्याकडे माफी होती. कंगवा लपवणं पहिल्या धक्क्यात बसतं का, हे मी फार खोलात जाऊन पाहिलेलं नाही.

आज सकाळी त्याच ढकलणाऱ्या गृहस्थाकडून ‘सुप्रभात’चा गुलाब आला. रोज येतो. आज गुलाबाखाली मार्कस ऑरेलियसच्या नावाचं एक वाक्य होतं. त्याच्या पुस्तकात ते मला तरी सापडलं नाही. हे कुठून आणलं, म्हणून फोन लावला. एसटीत होता. माझा आवाज अगदी स्पष्ट येतोय म्हणाला, मागच्या सीटपर्यंत.