नकाशा कोणी कोणाला शिकवायचा?

जमिनीच्या वापराचे नियोजन लोकांच्या सहभागातून व्हावे, असे आता सरकारही म्हणते. त्यासाठी सरपंच, पंच, पंचायतीचे सचिव आणि नागरिक यांची प्रशिक्षणे होतात. आराखडा म्हणजे काय, झोन कसे ठरतात, हरकत कशी आणि किती दिवसांत नोंदवायची, हे त्यांत सांगितले जाते. ते आवश्यकच आहे. मात्र अज्ञान गावाकडे आणि ज्ञान नगररचना खात्याकडे, असे त्यामागे गृहीत असते. अनुवादाचे काम करणाऱ्या मला ते खटकते. दोघांना एकमेकांची भाषा कळत नसेल, तर शिकण्याचे ओझे एकट्या गावानेच का वाहायचे?

गोव्याचे उदाहरण घेऊ. २००६ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला, तेव्हा शेते आणि डोंगरउतारही नकाशावर वस्तीसाठी दाखवलेले लोकांना दिसले. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये सरकारने माघार घेतली. पुढच्या आराखड्यासाठी कृतिदल नेमले गेले. त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. ‘प्रादेशिक आराखडा २०२१’चा मसुदा गावोगावी गेला, पंचायत पातळीवर समित्या बसल्या. जमिनीचा कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा, एवढीच ज्यांची ओळख, ती माणसे भू-वापराचे नकाशे पसरून आपापले ओहोळ शोधू लागली.

ती नकाशा वाचायला शिकली. पण नकाशा करणाऱ्यालाही शिकण्यासारखे बरेच होते. खाजन जमीन पाहा. भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली ही सखल जमीन. पावसाळ्यात तिथे भात होतो, मानशीच्या दारातून खाडीचे पाणी आत-बाहेर सोडले जाते, त्याबरोबर मासळी येते. जोराच्या पावसात पुराचे पाणीही तीच पोटात घेते. नकाशा मात्र एका तुकड्याला एकच रंग देतो. शिवाय बांध एका ठिकाणी फुटला, की शेजाऱ्यांची शेतेही खारटतात. खारे पाणी उतारा पाहून थांबत नाही. म्हणून खाजनाच्या मालकाचा निर्णय कधीच त्याच्या एकट्याचा नसतो. हे गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, पण अर्जाच्या रकान्यात ते मावत नाही.

याचा अर्थ गाव म्हणेल ते खरे, असा नव्हे. गावात भाटकार असतो तसे कूळ आणि मुंडकारही असतात, आणि ‘गावाचे म्हणणे’ पुष्कळदा भाटकाराच्या ओटीवर ठरते. डोंगर विकून मोकळे व्हावे असे वाटणारेही गावचेच असतात. भाटकाराला वकील मिळतो. मुंडकाराला नकाशा स्वतः वाचता आला, तरच तो सभेत उभा राहून विचारू शकतो, की माझे घर या रंगात का नाही. प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो.

पण शिकवल्यावर शिकवणाऱ्यावर काय बंधन येते? माझ्या मते, ऐकण्याचे. ‘या भाषेत बोललात तर तुमचे म्हणणे विचारात घेऊ’ असे वचन त्या शिकवण्यात गृहीत असते. माणूस कष्टाने ती भाषा शिकला, त्या भाषेत बोलला, आणि उत्तर आले नाही, तर ही उपेक्षा न शिकवण्यापेक्षा वाईट. आता त्याच्या गप्प बसण्यालाही संमती म्हणता येते.

गोव्यात अंतिम आराखड्यात आपल्या सूचना नीट उतरल्या नाहीत, अशी अनेक गावांची तक्रार झाली, आणि २०१२ साली नव्या सरकारने तो स्थगित ठेवला. पुढे २०२३ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७(२) आले: आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोन दुरुस्त करण्यासाठी. जमीनमालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या तुकड्याचा झोन बदलायचा. लोकांच्या हरकती मागवण्याची तरतूद नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. तोवर जे घडत होते, त्याला ‘दुरुस्ती’ हा सौम्य शब्द होता. गावाने वर्षानुवर्षे शिकलेल्या भाषेतला एक शब्द बदलला, आणि गाव पुन्हा निरक्षर झाले.

केरळच्या २००८ च्या भातशेती व पाणथळ जमीन संवर्धन कायद्यात वेगळी दिशा दिसते. तिथल्या स्थानिक देखरेख समितीत पंचायतीचा अध्यक्ष, कृषी अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि भातजमिनींची नोंद तयार करतात. या नोंदींना अनेक ठिकाणी उशीर झाला, पुढे कायद्यात पळवाटाही आल्या. तरी शेतकरी तिथे केवळ हरकतदार नाही, नोंद लिहिणाऱ्यांपैकी एक आहे.

प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात म्हणून दोन गोष्टी घालाव्यात. नियोजन अधिकाऱ्याने भरतीच्या वेळी बांधावरून गावकऱ्यांसोबत चालावे आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि प्रत्येक हरकतीला, मान्य असो वा नसो, गावाच्या भाषेत कारणासह लेखी उत्तर द्यावे. एवढे द्यायची तयारी नसेल, तर लोकांना नकाशासमोर बसवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे शिकवायला निघण्याआधी स्वतःला विचारायला हवे.