जर्नलमधले 50 लाख

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलांवर सह्या करताना हल्ली हात अडखळतो. पानामागून पान, मुलांच्या लाल पेशी 50 लाख, मुलींच्या 45, फार तर थोड्या इकडेतिकडे. न्यूबॉअर चेंबरचे पाच चौकोन मोजून बेरजेला 10,000 ने गुणायचे, म्हणजे 50 लाखांमागे प्रत्यक्ष मोजलेल्या पेशी 500. तेवढ्या मोजणीत नुसत्या योगायोगाने वीस-बावीसचा फरक पडतो, म्हणजे आकड्यात 2 लाखांहून जास्त. पिपेट भरतानाची चूक आणखी वेगळी. बॅचचे आकडे विखुरलेच पाहिजेत. ते विखुरत नाहीत, कारण माझे वाक्य मुलांना पाठ आहे: "नॉर्मल नाही आलं, रिपीट कर."

तंत्र सुधारावे म्हणून असे म्हणतो, ही माझी समजूत. मग 50 लाख आलेल्याला कधी रिपीट करायला का लावले नाही?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. माझ्या बॅचमधल्या मुली याच देशातल्या. तरी हिमोग्लोबिन मोजायच्या साली-नळीत थेंब थेंब पाणी घालून रंग जुळवला की प्रत्येकीचा आकडा झकास! कुणाचा खरा आकडा माझ्या धाकाने खोडला गेला असेल, तर तिला उपचारांची गरज होती हे कळायची संधीही गेली.

चेंबरमधल्या मोजणीतल्या चुकीवर 1907 मध्ये निबंध लिहिला तो गिनेसच्या बिअर कारखान्यात यीस्ट मोजणाऱ्या विल्यम गॉसेटने, 'स्टुडंट' या टोपणनावाने. (आमच्या स्टुडंटांना तो फक्त टी-टेस्टपुरता माहीत.) त्याचाच प्रश्न प्रयोगशाळेत आणता येतो. एकच रक्तनमुना सगळ्या बॅचने मोजायचा, आकडे फळ्यावर मांडायचे आणि फरक पिपेटमुळे, चेंबर भरण्यामुळे की नजरेमुळे, हे शोधायची पद्धत मुलांनीच ठरवायची. नवे यंत्र लागत नाही. आयसीएमआरची विद्यार्थी संशोधन योजना 1979 पासून आहे, पण ती निवडक मुलांसाठी. हे सगळ्यांना जमेल.

इथेही मन तपासावे लागते. बढतीला शोधनिबंध लागतात. आकडे मुलांचे आणि प्रश्न माझ्या सोयीचा, असे झाले तर मुले पुन्हा माझ्याचसाठी मोजणार.

आणि परीक्षेला बाहेरचे परीक्षक आकडाच विचारणार. त्यांच्यासमोर एखादी म्हणाली, "सर, 40 लाख आले, दोनेक लाख इकडेतिकडे होऊ शकतात," आणि त्यांनी भुवया उंचावल्या, तर मी तिची बाजू घेईन? घेईन, असे छातीठोकपणे अजून म्हणवत नाही.