हातचा कोणाचा?

बेरीज शिकणाऱ्या मुलास आपण 'हातचा एक' म्हणावयास शिकवितों. तो हातचा कोणाचा, हें कोणी विचारीत नाहीं. एकंच्या घरांत तो जन्मतो, दहंच्या घरांत मोजला जातो, आणि तेथूनही पुढें सरकला तर त्यावर कोणाचेंच नांव उरत नाहीं. मनुष्याच्या व्यवहारांत मात्र 'मीं कांहीं केलें नाहीं, आलें तें फक्त पुढें दिलें' या बचावाचें काय करावें, हा खराच प्रश्न आहे. आणि एका जुन्या गणकयंत्राची रचना पाहतांना तो आम्हांस अधिक स्पष्ट दिसूं लागला.

१९७० नंतरच्या कांहीं वर्षांत जलद चालणारी बायपोलर चिप फार तापत असे व तिच्यावर थोडींच मंडलें मावत. म्हणून सोळा बिटांचा, म्हणजे सोळा द्विमान अंकांचा, गणक एकाच चिपेवर न बसवितां त्याचे काप करण्याची युक्ति निघाली. इंटेलच्या १९७४ च्या ३००० मालिकेंत एक काप दोन बिटांचा होता. एएमडीच्या १९७५ च्या एएम २९०१ चा चार बिटांचा. असे चार काप शेजारीं मांडले कीं सोळा बिटांचें यंत्र होई, आठ मांडले कीं बत्तीसांचें. सर्व काप हुबेहूब सारखे. सर्वांस एकच नऊ बिटांची आज्ञा. आपण तळाशीं आहों कीं शेंड्यास, हें कापास ठाऊक नसतें. उत्तर मावेनासें झाल्याचा इशारा प्रत्येकजण देतो, पण ऐकावयाचें तें शेंड्याच्या कापाचेंच.

त्यांना जोडणारा धागा म्हणजे हातचा. तो एकापासून दुसऱ्याकडे रांगत गेला तर शेवटच्यास ताटकळावें लागतें. म्हणून प्रत्येक काप, हातचा पोंचण्यापूर्वींच, दोन गोष्टी सांगून ठेवतो: मी आपण होऊन हातचा देणार कीं नाहीं, आणि मजकडे आला तर पुढें जाऊं देणार कीं नाहीं. चार कापांचीं हीं उत्तरें एएम २९०२ ही निराळी चिप एकदम वाचते आणि कोणास हातचा मिळावयाचा तें ठरविते. (हातचा आगाऊ काढण्याची कल्पना बॅबेजनें एकोणिसाव्या शतकांतच आपल्या दांतेरी चक्रांच्या यंत्रासाठीं योजिली होती.) निर्माण करणें व जाऊं देणें यांसाठीं दोन वेगळ्या तारा! आमच्या बोलण्यांत त्या नेहमीं एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आतां जाऊं देतो तो कोण? एखाद्या संख्येंत एक मिळवावयाचा आहे असें समजा. ज्या कापाच्या चारही घरांत एक भरलेला आहे, तो हातचा थांबवूं शकत नाहीं. जेथें एखादें शून्य रिकामें आहे, तेथें तो पोटांत घातला जातो. कुचाळकीचेंही असेंच होतें. 'मीं फक्त सांगितलें' म्हणणाऱ्याच्या मनांत ती ठेवावयास जागा नव्हती, इतकेंच तो कबूल करीत असतो. कापास इलाज नाहीं. मनुष्यास आपलें एक घर मोकळें राखतां येतें, म्हणून त्याचा बचाव आम्हांस पटत नाहीं.

पण येथें घाई नको. गरिबाचा अर्ज वर जावयाचा असतां मधल्याच कारकुनानें तो पोटांत घातला, तर त्यास कोणी सोशिक म्हणणार नाहीं. शिवाय बेरजेनंतर काय होतें तेंही पाहावें: ज्यांनीं हातचा पुढें ढकलला त्यांचीं घरें शून्य होऊन मोकळीं होतात, ज्यानें थांबविला त्याच्या रिकाम्या घरांत एक बसतो. घरोघरीं असें एखादें माणूस असतेंच, बहुधा घरांतली थोरली बाई. तिला शहाणी म्हणून सारे आपापल्या कामास लागतात.