तारीख काढून घेतली तर काय उरते?



‘मुलगी पाच वर्षांची होते आहे. बाजारातून तयार सजावट आणायची नाही, केक मागवायचा नाही. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे चंद्र-तारे कापायचे, खोलीला आकाशाचे रूप द्यायचे, गल्लीतली आठ-दहा मुले बोलवायची आणि सर्वांना खीर द्यायची, एवढाच बेत आहे. यात गुन्हा आहे काय?’

असा प्रश्न हल्ली मोमिनपुऱ्यात विचारला जातो, जाफरनगरात विचारला जातो, ताजबागच्या परिसरातही विचारला जातो. विचारणारी बहुधा आई असते. तिच्या एका बाजूला मुलीचा हट्ट असतो आणि दुसऱ्या बाजूला घरातील वडीलधाऱ्यांची नाराजी. ‘हराम आहे, विषय संपला’ असे एक उत्तर तिला तयार मिळते. ‘आजकाल सगळेच करतात, चालते’ असे दुसरे उत्तरही तितकेच तयार असते. पहिल्या उत्तरात त्या आईच्या मायेची दखल नाही, दुसऱ्यात मुलीच्या आखिरतची काळजी नाही. तेव्हा हा प्रश्न आपण थोडा सावकाश, त्याच्या मुळाशी जाऊन पाहू.

प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या देशातील अनेक मदरशांचे उलेमा वाढदिवस साजरा करण्यास मनाई करतात. ही प्रथा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या किंवा सहाबांच्या जीवनात आढळत नाही, ती इतरांकडून आली आहे, आणि परक्या प्रथांचे अनुकरण करणाऱ्याविषयी हदीसमध्ये कडक इशारा आहे, अशी त्यांची भूमिका. याउलट काही समकालीन विद्वान म्हणतात की इबादत आणि व्यवहारातील रीत यांत फरक केला पाहिजे. इबादतीत नवी भर घालता येत नाही, परंतु दैनंदिन व्यवहारातील गोष्ट, तिला मनाई करणारा पुरावा नसेल तोवर, मुळात वैध असते. दोन्ही बाजूंना इल्म आहे आणि दोन्ही बाजूंना अल्लाहचे भय आहे. ज्या उलेमांवर आपला विश्वास आहे त्यांचे मत आपण पाळावे आणि दुसऱ्या मताच्या घराला पापी ठरवू नये. मात्र कोणतेही मत पाळले तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच. या दिवशी आपण नेमके काय साजरे करू पाहतो?

तारीख म्हणाल, तर तिच्यात स्वतःचे असे काहीच नाही. इंग्रजी वर्ष 365 दिवसांचे, हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे. इंग्रजी तारखेने जी मुलगी आज पाच वर्षांची झाली, ती हिजरी गणनेने सुमारे 54 दिवस आधीच पाच वर्षांची झालेली असते. त्या दिवशी घरात कोणालाही काही जाणवले नाही. सूर्य उगवला, शाळेची रिक्षा आली, मूल डबा घेऊन गेले. मोठेपण अमुक एका दिवशी दारात येऊन उभे राहत नाही. ते रोज थोडे थोडे येते.

शिवाय जन्मात बाळाचे कर्तृत्व कोणते? कष्ट तर आईने सोसले. पवित्र कुरआनातील सूरह लुकमानमध्ये (आयत 14) अल्लाहने आईच्या त्या थकव्यावर थकव्याचा उल्लेख करून स्वतःचे आणि आई-वडिलांचे आभार मानण्याची आज्ञा एकत्रच दिली आहे. जन्मदिवसाची आठवण काढायचीच असेल, तर त्या दिवशी पहिला हक्क अल्लाहच्या शुक्रचा आणि दुसरा आईचा. आपण मात्र मुलाला उंच खुर्चीवर बसवतो, भेटवस्तूंचा ढीग त्याच्यापुढे लावतो, आणि आई स्वयंपाकघरात उभी असते.

प्रेषितांच्या (सल्ल.) आचरणात जन्मदिवसाचा उल्लेख आहे. सोमवारच्या रोजाविषयी त्यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की याच वारी आपला जन्म झाला आणि याच वारी आपल्यावर वह्य उतरली. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. तिच्यावरून कोण कोणता निष्कर्ष काढतो यावर वाद आहेत, त्यात आपण शिरणार नाही. पण एवढे तर कोणालाही दिसते की त्यांनी तो दिवस घेण्यात घालवला नाही. ते दर आठवड्याला, कोणालाही न बोलावता, उपाशी राहून अल्लाहचे आभार मानत होते.

म्हणून मी वाचकांपुढे एक साधी कसोटी ठेवतो. आपल्या बेतातून तारीख काढून घ्या आणि मग काय उरते ते पाहा. तेच चंद्र-तारे, तीच खीर, तीच गल्लीतली मुले महिनाभर नंतरच्या एखाद्या रविवारी आणली, तर घराला तेवढाच आनंद होईल काय? होत असेल, तर मुळात ती माया होती, आणि मायेला इस्लामने कधी मनाई केलेली नाही. आणि ‘मग करायचे कशाला?’ असे वाटत असेल, तर आपल्याला मूल नको होते, समारंभ हवा होता, असे समजावे.

आता हातांविषयी. विकत आणण्याऐवजी हाताने करणे ही केवळ काटकसर आहे, असे समजू नका. सुनन अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. वाऱ्याने पडदा हलला आणि ह. आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या प्रेषितांच्या (सल्ल.) दृष्टीस पडल्या. त्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे त्यांनी विचारले. सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय, असे उत्तर आले. त्यावर ते इतके मनमोकळे हसले की त्यांच्या दाढा दिसल्या. ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतची जबाबदारी होती, ते चिंध्यांच्या घोड्यापाशी थांबले, त्यांनी प्रश्न विचारले आणि ते हसले.

दुसरा प्रसंग ह. रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनी सांगितलेला आहे, बुखारी व मुस्लिम दोन्हींत. मदिनेत आशूराचा रोजा लहान मुलांकडूनही ठेवून घेतला जाई. त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी केली जात, आणि एखादे मूल भुकेने रडू लागले की इफ्तारपर्यंत त्याला ते खेळणे दिले जाई. धर्म शिकवताना मुलाच्या हातात काहीतरी गोड, मऊ, आपल्या हातचे ठेवायचे असते, हे त्या मातांना ठाऊक होते.

आपल्या नागपूरला हे नवे नाही. मोमिनपुऱ्यातील कित्येक घरांच्या मागच्या पिढ्या हातमागावर जगल्या. मूल मागाशेजारी बसूनच मोठे होई, कांड्या भरता भरता मोजणी शिके. आज त्याच घरांतील मुलांच्या हातात मोबाइल आहे. अशा वेळी आई किंवा वडील पुठ्ठा, कात्री आणि कणकेची खळ घेऊन मुलाजवळ जमिनीवर बसतात, तेव्हा ते त्याला आपला वेळ देतात. मुलांना दिलेल्या वस्तूंपैकी ही एकच वस्तू बाजारात मिळत नाही.

परंतु सावध राहा. हाताने केलेले सारे आपोआप शुद्ध होत नाही. दिखावा विकत आणता येतो, तसा तो घरीही करता येतो. मुलीने चिकटवलेला तारा वाकडा आहे म्हणून तो काढून आईने सरळ तारा लावला, तर ती खोली कोणासाठी सजली? मूल झोपेला आले असता फोटोसाठी त्याला पुन्हा उभे केले, तर तो आनंद कोणाचा? शेजारणीने जंगल केले म्हणून आपण समुद्र करायचा, तिने वीस मुले बोलावली म्हणून आपण चाळीस, ही स्पर्धा कागदाचीही होऊ शकते. इतवारीतून आणलेल्या चमकीच्या कागदाचे आणि पुठ्ठ्यांचे बिल तयार सजावटीहून जास्त आले, तर त्याला साधेपणा म्हणता येणार नाही. उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने (सूरह बनी इसराईल, आयत 27) सैतानाचे बांधव म्हटले आहे. तेथे उधळपट्टी दुकानातली की घरातली, असा भेद केलेला नाही. आणि ‘घरी केले’ म्हणजे आईने एकटीने रात्री जागून केले, असे तर मुळीच होऊ नये. प्रेषित (सल्ल.) घरात आपली पादत्राणे स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत. वडिलांनी कात्री हातात धरली तर त्यांचा मान कमी होत नाही.

याहून गंभीर गोष्ट दाराबाहेरची आहे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट, असे हदीसमध्ये आले आहे. आपल्या गल्लीत असे मूल असतेच, जे भेट आणू शकत नाही म्हणून येत नाही, आणि ज्याची आई परतफेड करू शकत नाही म्हणून त्याला पाठवत नाही. आपल्या बेतातून त्या मुलाला दुःख होत असेल, तर तो बेत हातचा असूनही वाया गेला. भेटवस्तू आणू नयेत असे आधीच सांगा. धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाला पाहुणा म्हणून बोलवा आणि पाहुण्यासारखेच बसवा. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या मुलाचाही त्या खिरीवर हक्क आहे. घरातही न्याय हवा. मुलासाठी धूमधडाका आणि मुलीसाठी ‘पुढच्या वर्षी पाहू’, असे होत असेल, तर आपल्या अपत्यांमध्ये समानता राखण्याची प्रेषितांची (सल्ल.) आज्ञा आठवा.

मग करावे काय? वाढदिवस वैध मानणाऱ्या कुटुंबाने मर्यादा पाळाव्यात. मेणबत्ती विझवताना मनात इच्छा धरण्याची रीत सोडावी, कारण मागणे केवळ अल्लाहकडे असते. त्या दिवशीची कोणतीही नमाज चुकू नये. मुलाकडून त्याच्या हातचे काहीतरी आईसाठी करवून घ्यावे, आणि त्याच्याच हाताने सदका द्यावा. त्या दिवशी त्याला घेण्याआधी द्यायला शिकवावे.

वाढदिवस अवैध मानणाऱ्या कुटुंबाने चंद्र-तारे फाडू नयेत. ते दुसऱ्या दिवशी लावावेत. पहिल्या रोजाच्या संध्याकाळी लावावेत, नाजिरा कुरआन पूर्ण होईल तेव्हा लावावेत, ईदच्या चांदरातीला लावावेत. आपल्या वाडवडिलांनी चार वर्षे, चार महिने, चार दिवस मोजून बिस्मिल्लाहची मजलिस भरवली. तो आकडा शरीअतने ठरवलेला नाही आणि त्याला धर्माचे बंधन मानणे योग्यही नाही. पण मुलाच्या आयुष्यात अक्षरांच्या निमित्ताने एक गोड दिवस असावा, ही त्यांची समज खरी होती. जन्माचा शुक्र तर शरीअतने आधीच शिकवला आहे. सातव्या दिवशी अकीका करावा, बाळाचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करावी आणि मांस वाटावे. आपल्या आनंदात पहिल्याच आठवड्यात इतरांचा वाटा ठेवलेला आहे.

थीमचेही तसेच. कार्टूनमधील पात्रेच हवीत असे नाही. कुरआनच्या सूरहच मधमाशीच्या, मुंगीच्या, कोळ्याच्या, हत्तीच्या नावाच्या आहेत. मधमाशीचे पोळे पुठ्ठ्याच्या षट्कोनांनी होते, मुंग्यांचे वारूळ तपकिरी कागदाने होते, आणि ते करता करता त्या सूरहची गोष्ट सांगता येते. नागपूरच्या मुलासाठी संत्र्याची बाग आहेच. सजीवांच्या चित्रांबाबत ज्यांना संकोच असेल, त्यांनी चंद्राच्या कला कापाव्यात. हिजरी महिना कसा सुरू होतो, हे त्या मुलाला पुन्हा शिकवावे लागणार नाही.

हे सारे सांगण्याची गरज का, असे काही वाचक विचारतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात तान्हा पोळा भरतो. शेजारची मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात, त्यांचे कौतुक होते, खाऊ मिळतो. शाळेत दर आठवड्याला कोणीतरी नवे कपडे घालून चॉकलेट वाटते. आपले मूल हे पाहते आणि विचारते, ‘माझा दिवस कोणता?’ त्याला दर वेळी केवळ ‘आपल्यात नसते’ एवढेच ऐकवले, तर धर्म म्हणजे नकारांची यादी, अशी त्याची समजूत होईल. पंधरा वर्षांनी ते आपल्याशी वाद घालणार नाही. ते विचारणेच सोडून देईल. उलट, प्रत्येक हट्टाला होकार दिला, तर आपण सृष्टीच्या केंद्रस्थानी आहोत, अशी त्याची समजूत होईल, आणि सजद्यात वाकणे त्याला जड जाईल. या दोन्हींच्या मधून वाट काढणे हेच आई-वडिलांचे काम आहे. ते कात्री-कागदाहून कठीण आहे, पण त्याची सुरुवात कात्री-कागदापासून करता येते.

हसन बसरी (रह.) यांच्या नावे एक विचार सांगितला जातो की माणूस म्हणजे काही दिवसांची बेरीज असून एक दिवस सरला की त्याचा एक भाग सरतो. आपल्या मुलांच्या दिवसांपैकी काही दिवस अल्लाहने आपल्या स्वाधीन केले आहेत. ते मोजलेले आहेत, आणि त्यांचाही हिशेब द्यायचा आहे.

अल्लाह आपल्या मुलांना आपल्या डोळ्यांचा थंडावा बनवो, त्यांच्या हातांना देण्याची सवय लावो, आणि आपल्या आनंदाला दिखाव्यापासून व उधळपट्टीपासून दूर ठेवो. आमीन.