समुद्रावरचा मीमांसक

२१ मे १९२७. अटलांटिकवर मासेमारीच्या होड्या दिसल्या, तेव्हा पॅरिसला निघालेला चार्ल्स लिंडबर्ग जवळजवळ २७ तास एकटाच विमान चालवत होता. निघण्याच्या आदल्या रात्रीही त्याला झोप लागली नव्हती. त्यानं विमान एका होडीवर अगदी खाली आणलं, इंजिन मंद केलं आणि ओरडून विचारलं, आयर्लंड कुठल्या बाजूला? चौकात गाडी हळू करून पानवाल्याला पत्ता विचारावा, तसं. होडीच्या खिडकीतून एक चेहरा बाहेर आला होता. तो नुसता बघत राहिला.

न्यायदर्शनाच्या भाषेत शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान, हुकलं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्यक्षाची तर आधीच तीच गत झाली होती. वाटेत त्याला चक्क किनारा दिसला होता, आणि जवळ जावं तर ते धुकं निघालं होतं. विमानात पाठीमागे माणसांसारख्या आकृत्या जमल्या होत्या आणि मार्गाबद्दल त्याला सल्ले देत होत्या. ही हकिगत त्यानं सविस्तर लिहिली ती १९५३ साली, पुलित्झर मिळालेल्या पुस्तकात.

उरलं अनुमान. वेग इतका, तास इतके, दिशा अमुक, म्हणजे आपण अमुक ठिकाणी. यातली दिशा सांगणार होकायंत्र. त्याच्या दोन होकायंत्रांपैकी एक डोक्यावर बसवलेलं होतं आणि ते थेट दिसत नसे. उड्डाणाआधी गर्दीतल्या एका तरुणीनं आपला छोटा आरसा दिला, तो च्युइंगगमनं समोर चिकटवला आणि दिशा त्यात बघायची असं ठरलं. न्यूफाउंडलंड मागे पडल्यापासून आयर्लंडपर्यंत सुमारे १६ तास खाली फक्त पाणी. त्यात रात्री दोन्ही होकायंत्रं डोलू लागली.

अशा वेळी आरशातल्या त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

आपल्याकडे हा वाद शतकानुशतकं चालला. मीमांसादर्शन मानणारे मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण. ते खोटं आहे असं पुढे कळेपर्यंत, किंवा ज्या साधनानं ते झालं त्यातच दोष सापडेपर्यंत. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा कुठे ते ज्ञान खरं ठरलं. त्यावर मीमांसकांचा टोला असा की एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा, ही अनवस्था कुठे संपणार? नैयायिक म्हणतात, पाऊल उचलायला खात्री लागतेच कुठे? शंका घेऊनही माणूस निघतो.

लिंडबर्गच्या १६ तासांत तहान भागण्याची सोय नव्हती. तिथं मीमांसकाचं पारडं जड वाटतं. पण होकायंत्र मीमांसकाचीही पंचाईत करतं, कारण त्यातले दोष वैमानिकाला निघण्याआधीच ठाऊक असतात. भौगोलिक उत्तर आणि सुईची उत्तर यांत तफावत असते, जिला दिक्पात म्हणतात, आणि ती जागोजागी बदलते. विमानातलं लोखंड आणि विजेच्या तारा सुईला ओढतात. नियमानं बघितलं तर असलं साधन बाद व्हायला हवं. वैमानिक मात्र ते दोष मोजतो. विमान जमिनीवर एकेका दिशेला वळवून चूक टिपायची आणि त्या आकड्यांचं कार्ड होकायंत्राशेजारी लावायचं. आजच्या जेट विमानातही असं एक साधं होकायंत्र आणि त्याचं कार्ड असतंच.

दिक्पाताच्या नोंदींचा एक मोठा साठा अलिबागला आहे, हे मुंबईत फारसं कुणाला माहीत नसतं. ट्रामला वीज येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली तिथं हलवली गेली. वेधगृहात लोखंड अजिबात नाही. ‘अलिबागहून आलास का?’ असं खुळ्याला विचारणाऱ्या शहरानं यावर जरा विचार करावा.

न मोजलेला दोष मात्र घात करतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांची तक्रार होती की ढगात शिरलं की होकायंत्र भरकटतं. केंब्रिजचा शरीरशास्त्रज्ञ कीथ लुकास इंग्लंडमधल्या फार्नबरोला यावर काम करत होता. त्यानं उलगडा केला. पृथ्वीचं चुंबकत्व तिकडे आडवं कमी आणि खाली जमिनीत जास्त ओढतं. उत्तरेकडून वळण्यासाठी विमान कललं की ही खालची ओढ तबकडीला फिरवते आणि होकायंत्र सुरुवातीला उलटंही सांगतं. पण त्याआधीची गोष्ट अशी की ढगात विमान खरोखरच वळत असे. वैमानिकाला ते कळत नसे, कारण सावकाश वळण कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवत नाही. होकायंत्राची चूक नियमानं होत होती, तर शरीर बेलाशक ‘सरळ चाललोय’ म्हणत होतं. १९१६ साली हवेत दोन विमानांची टक्कर होऊन लुकास गेला.

लिंडबर्ग दर १०० मैलांना दिशा थोडी बदलत होता, दिक्पाताचा हिशेब आधीच करून. होड्या मागे पडल्यावर तासाभरात पुन्हा किनारा दिसला. एकदा फसलेला असल्यानं त्यानं मांडीवरचा नकाशा उघडला आणि खालची खाडी, बेटं, कडे एकेक करून ताडून पाहिले. डिंगल बे. ठरवलेल्या मार्गापासून फरक जेमतेम ३ मैलांचा. पॅरिस अजून सहाएकशे मैल लांब होतं. त्यानं नकाशाची घडी केली आणि आरशात पाहिलं.