दात्याचे नाव

ऋग्वेदातला कक्षीवान ऋषी हिशेबाचा पक्का होता. सिंधूकाठच्या स्वनय राजाने दिलेले शंभर निष्क, शंभर घोडे, शिवाय गाई आणि रथ, सगळे त्याने सूक्तात नोंदवून ठेवले आहे, तेही राजाच्या नावासकट. अशा दानस्तुती ऋग्वेदात ठिकठिकाणी सापडतात. व्यवहार सरळ होता: राजाने द्यायचे, कवीने त्याचे नाव मागे राहील अशी तजवीज करायची. देवळाच्या पायरीवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ म्हणून बसवलेल्या फरशीचे कूळ इथपर्यंत मागे नेता येईल.

पण त्याच ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात भिक्षू आंगिरसाचे एक सूक्त आहे. त्यात कोणा राजाची स्तुती नाही. भुकेला दारात असताना एकट्याने जेवणाऱ्याला त्यात दोषी धरले आहे, आणि संपत्ती आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे असते, याची आठवण करून दिली आहे. पुढच्या काळात देण्याविषयीची कविता या दुसऱ्या सूक्ताच्या वाटेने गेली. दात्याचे नाव मागे मागे पडत गेले.

आधी शंका घेतली गेली ती दानाच्या वस्तूवर. कठोपनिषदातला नचिकेता बापाचे दान बघतो आणि अस्वस्थ होतो. दक्षिणेत निघालेल्या गाई भाकड, थकलेल्या, शेवटचे पाणी पिऊन झालेल्या. घरात नकोसे झालेले देऊन पुण्य कसे मिळेल, हा त्या पोराचा रोकडा प्रश्न. मग गीतेने वस्तूवरून नजर काढून दात्याच्या मनाकडे वळवली. देवाला पान, फूल, फळ, पाणीही चालते, असे नवव्या अध्यायाने सांगितले. सतराव्याने दानाचे तीन प्रकार पाडले आणि परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले ते सात्त्विक ठरवले.

हा अध्याय ज्ञानेश्वरांच्या हाती आला तेव्हा त्यात घरातले, गावातले व्यवहार शिरले. परतफेडीवर डोळा ठेवून केलेले राजस दान समजावताना त्यांना दुधाच्या आशेने गाईला चारा घालणारा आठवतो, आहेर मनात धरून सोयऱ्यांना आवतण देणारा आठवतो, आधी पैसे घेऊन मग औषध देणारा वैद्यही आठवतो. शके १२१२ मधल्या, म्हणजे १२९० सालच्या ज्ञानेश्वरीचा शेवट तर मागण्यात होतो. पसायदानात कवी देवापुढे हात पसरतो, पण मागणे सगळे जगासाठी.

दक्षिणेत हीच कल्पना जास्त कठोर झाली. बाराव्या शतकात सेक्किळाराने तमिळमध्ये ‘पेरियपुराणम्’ रचले. त्यातला इळैयान्कुडी मारन हा शिवभक्त अन्नदान करून करून कफल्लक झालेला. पावसाळी रात्री दारात पाहुणा येतो. घरात दाणा नाही. मारन अंधारात शेतावर जातो, सकाळी पेरलेले भाताचे बियाणे चिखलातून वेचून आणतो. सरपण म्हणून घराच्या छपराची लाकडे ओढली जातात. दाता म्हणून मिरवण्यासारखे या घरात काहीच उरत नाही.

याच शतकात कल्याणला बिज्जळ राजाचा खजिना सांभाळणाऱ्या बसवेश्वरांनी वचनांतून आणखी पुढचे सांगितले. श्रीमंत देऊळ बांधतात, गरिबाने काय करावे, तर त्याचा देहच देऊळ. श्रमाने मिळवायचे, ते कायक. आणि त्यातले समाजाला वाहायचे, तो दासोह.

मराठी संतपरंपरेने देण्याघेण्याची दिशाच उलटी केली. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी उघडले, तेव्हा बीदरला जाऊन त्या धान्याची रक्कम देवानेच विठू महार होऊन भरली, अशी कथा आहे. या कथेत खरा दाता नाव बदलून येतो, आणि तेही ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते त्यांच्यातला एक होऊन. बऱ्हाणपूरला दीर्घकाळ राहिलेल्या मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाविषयीची आख्यायिकाही याच जातीची. देताना नजर खाली का, असे विचारल्यावर तो म्हणाला म्हणे, की देणारा दुसराच आहे आणि लोक नाव माझे घेतात, त्याची लाज वाटते.

तुकोबांनी तर द्यायला काही हातात घेतलेच नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, व्यापार बसला. घरात सावकारीची खते होती. परंपरा सांगते, की त्यांनी निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. त्या खतांबरोबर कोणी किती देणे लागत होते याचा पुरावा गेला, तसा कोणी किती माफ केले याचाही. कक्षीवानाने नोंदीला जेवढे जपले, तेवढ्याच निश्चयाने ती इथे पुसली गेली.

गीता मराठीत ‘गीताई’ म्हणून आणणाऱ्या विनोबांनी हा विचार जमिनीच्या व्यवहारात उतरवून पाहिला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी त्यांच्याकडे ८० एकर मागितले. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. पुढे पदयात्रेत विनोबा जमीनदारांना म्हणत, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. वाटा मागणाऱ्याने आभार मानायचे नसतात, त्यामुळे दात्याला उपकार केल्याची जागा उरत नव्हती. भूदानात ४० लाख एकरांहून अधिक जमीन जाहीर झाली. तिच्यातली बरीच खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही. काही दात्यांचे वारस फिरले, काही ठिकाणी कागद अपुरे राहिले. इथे मात्र दात्याचे नाव मागे पडून चालणार नव्हते. दानपत्रावर त्याची सही आणि जमिनीची चतुःसीमा हवी होती, आणि भूमिहीनाच्या नावावर जमीन चढणार की नाही, ते त्याच कागदावर ठरत होते.